हिरडीच्या रंगाचं म्यान

आमचा मामा माणसाच्या तोंडाकडे नाही, तोंडात बघतो. नवीन कुणाची ओळख करून दिली की नमस्कार-चमत्कार रीतसर होतात, पण मामाचे डोळे समोरच्याच्या वरच्या ओठाखाली घुटमळत असतात. माणूस दाराबाहेर गेला रे गेला की निकाल जाहीर होतो. "डावीकडचे दोन खोटे. काम बरं आहे, पण रंग चुकला." माझं लग्न ठरलं तेव्हा नवऱ्यामुलाबद्दल घरातला प्रत्येक जण काही ना काही बोलला. मामा एवढंच म्हणाला की मुलाच्या अक्कलदाढा अजून यायच्या आहेत. त्या पुढे आल्या. अक्कल यायची अजून वाट बघतेय, पण तो काही मामाचा दोष नाही.

मामा कवळ्या करायचा. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन मामाच्या लॅबमध्ये पाठवायचे, मामा त्या मापात प्लॅस्टर ओतून मॉडेल काढायचा आणि मॉडेलवर कवळी बसवायचा. डॉक्टरांनी घेतलेलं माप त्याला सहसा पसंत पडत नसे. मग तो स्वतःच पिशवीत ट्रे आणि पावडर घेऊन पेशंटच्या घरी जाऊन थडकायचा. "आधी माप, मग हात," हे त्याचं एकमेव तत्त्वज्ञान. एकदा मामीच्या मिक्सरचं झाकण तुटलं, तर ते चिकटवण्याआधी त्याने झाकणाचंही माप घेतलं होतं. मामीने ते मॉडेल दोन वर्षं साबणाखाली ठेवलं.

त्याच्या कवळ्यांचं नाव होतं, आणि ते नाव डागांमुळे होतं. बाकीचे लोक मोत्यासारखे पांढरेशुभ्र दात बसवून पेशंटला सिनेमातल्या खलनायकासारखं हसायला लावत. मामा एक दात किंचित वाकडा लावायचा, एकाच्या कडेला बारीक कुंचल्याने पिवळसर छटा द्यायचा. म्हणायचा, "ज्या तोंडात चाळीस वर्षं चहा गेलाय, त्या तोंडात चहा दिसायला नको का? डाग असला की लोक विश्वास ठेवतात."

मग त्याचा उजवा हात थरथरायला लागला. आधी कपातला चहा बशीत पडायचा, मग बशीतला शर्टावर. लॅब तोवर त्याच्या मुलीने, म्हणजे माझ्या मामेबहिणीने, हातात घेतली होती. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो, मामासुद्धा. ताईने बापाच्या हाताकडे बराच काळ काणाडोळा केला. पण एका दुपारी पॉलिशच्या चाकावरून एक कवळी मामाच्या हातून सुटली, भिंतीवर आपटली आणि एका निवृत्त मुख्याध्यापकांचे पुढचे दात कोपऱ्यातल्या केराच्या डब्यात जाऊन पडले. ताई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "बाबा, आता हात पुरे. तुम्ही घरी आराम करा." आणि मामाचं स्टूल तिने उलटं करून कपाटावर ठेवून दिलं.

नंतर मामा रोज काहीतरी निमित्त काढून लॅबमध्ये जायचा. चष्मा राहिला, छत्री राहिली, डबा राहिला. ताई चहा पाजायची, छत्री हातात द्यायची आणि परत पाठवायची. मामा आधी कपाटावर बघायचा आणि मग दाराबाहेर पडायचा. मी त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते, त्यामुळे जिन्यात भेट व्हायची. "तक्रार तरी कुणाकडे करणार?" तो म्हणायचा. "आपलेच दात, आपलेच ओठ." तोंडाने विनोद करायचा, पण चेहरा बघवत नसे.

अशा रिकामपणात त्याच्या हातात खंजीर पडला. ही काही चांगली वेळ नव्हे.

झालं असं की त्याची एक जुनी पेशंट, एक आजी, घर आवरून मुलीकडे राहायला निघाल्या होत्या. मामाच्या कवळीने त्यांनी शेंगदाणे खाल्ले होते, भांडणं केली होती, एकदा तर एका बँकेच्या मॅनेजरला चावायची धमकीही दिली होती. कृतज्ञता म्हणून त्यांनी मामाला एक लांबट पुडकं दिलं. "आमच्या ह्यांनी कुठल्याशा बंदरात घेतलेला कागद कापायचा चाकू. कागद काही तो धड कापत नाही. टाकवतही नाही. तुम्ही ठेवा."

पुडक्यात वीतभर पात्याचा, काळ्या लाकडी म्यानातला खंजीर होता. म्यानाला उभी चीर गेलेली, मुठीवरची दोरी सुटून लोंबत होती. मामाने धार बघायला अंगठा फिरवला आणि मग मामीने त्या अंगठ्याला पट्टी बांधली. बांधताना ती म्हणाली, "घरात सुऱ्या कमी होत्या म्हणून आता सुरा आणलात?"

"सुरा नाही, जुनी वस्तू आहे," मामा म्हणाला. "मी संग्राहक झालोय."

संग्रहात नग एक. पण मामाचा आविर्भाव असा की राजवाडा रिकामा करून आणलाय. त्याने वाचनालयातून जुन्या शस्त्रांवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं, फोनवर संग्राहकांच्या एका गटात शिरला आणि खंजिराचे फोटो टाकले. फोटो त्याच्या थरथरत्या हाताने काढलेले. एकाने विचारलं, "हा मासा आहे का?" दुसऱ्याने निकाल दिला की हा जपानी धाटणीचा पर्यटकांना विकायचा माल आहे, खरं काही नाही. शेजारचे पोस्टातून निवृत्त झालेले काका म्हणाले, अननस कापायला असलंच काहीतरी मिळतं. त्यांनी आयुष्यात एकही अननस कापलेला नाही, पण मत मागितल्याशिवाय देण्यात त्यांचा हात कोण धरणार?

मामाने मात्र लॅबमधलं जुनं भिंग डोळ्याला लावलं आणि खिडकीपाशी बसून पातं तिरपं-तिरपं करून पाहिलं. धारेला समांतर एक पांढुरकी रेघ जात होती, कुठे ढगासारखी फुगलेली, कुठे बारीक. मला हाक मारून त्याने ती दाखवली. "ही वरून काढलेली नाही. ही आतून आलीय. पातं तापवून पाणी पाजताना धार वेगळी थंड झाली आणि पाठ वेगळी, त्याची खूण आहे. खोटी असती तर सगळीकडे सारखी दिसली असती. खरं काही एकसारखं नसतं, हे मी कवळीवाला सांगतोय तुला." मग आवाज खाली आणून म्हणाला, "हे काम मी नीट करून दाखवलं ना, की तुझी ताई मला परत बसू देईल. या हातात अजून काय आहे ते तिला दिसेल."

मी म्हटलं, "मामा, खंजीर आणि कवळीचा संबंध काय?"

"दोन्ही नीट बसली पाहिजेत," तो म्हणाला, आणि पुन्हा भिंगाला डोळा लावला.

पुस्तकात पाहून त्याने मूठ सोडवली. मुठीत आडवी एक बांबूची खुंटी असते, ती ढकलली की मूठ पात्यावरून सरकून येते. आत पात्याचा जो भाग दडलेला असतो त्याला शस्त्रवाले काय म्हणतात कोण जाणे, मामाने त्याला "मूळ" असं नाव दिलं, दाताचं असतं तसं. हे मूळ गंजून काळंतपकिरी झालं होतं, आणि गंजाखाली काही ओरखडे दिसत होते. मामाने ते क्षणात ओळखले. "मूठ घट्ट बसावी म्हणून पाडलेल्या खाचा. आपण नाही का दाताच्या खिळ्याला खरवडून घेत, सिमेंटने धरावं म्हणून?"

सवयीप्रमाणे आधी माप घेतलं. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पावडर पाण्यात कालवून तो गुलाबी लगदा ट्रेमध्ये भरला, त्यात खंजिराचं मूळ, ओरखड्यांची बाजू खाली करून, दाबलं. लगदा घट्ट झाल्यावर त्यात पिवळं प्लॅस्टर ओतलं. मॉडेल निघालं, मामाने "ठीक" म्हटलं आणि ते बाजूला ठेवलं. खिडकीचं एक दार वाऱ्याने आपटायचं, मामीने संध्याकाळी ते मॉडेल तिथे अडकवून टाकलं.

आणि मग मामाने मूळ घासलं. पलंगाखालून लॅबची जुनी मोटर काढली, आधी दगडी चाक, मग ब्रश, मग खरखरीत पावडर, शेवटी कापडाचं चाक. घरभर लोखंडाचा वास सुटला. मूळ असं चकाकलं की त्यात तोंड बघून मामीने टिकली लावली असती. म्यानाची चीरही त्याने बुजवली, आणि त्याच्या हाताशी जो कवळीचा मसाला होता त्यानेच बुजवली. काळ्याकुळकुळीत म्यानावर वरपासून खालपर्यंत हिरडीच्या रंगाची एक गुलाबी, गुळगुळीत, निरोगी रेघ उमटली. मामाला ती फार आवडली.

खंजीर घेऊन आम्ही संग्रहालयवाल्या बाईंकडे गेलो. या बाई एका वस्तुसंग्रहालयात धातूंच्या विभागात होत्या, आता निवृत्त होऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मांजरांबरोबर राहतात. फोनवर त्या म्हणाल्या होत्या, "आणा, पण काही करू नका त्याला." मामा म्हणाला होता, "छे छे, झालं करून."

बाईंनी पातं उजेडात धरलं. चेहरा उजळला. "अहो, हे खरं आहे. जपानी, जुनं, आणि चांगलं जपलेलं. धारेची रेघ बघा किती सुरेख आहे." मामाने माझ्याकडे असं पाहिलं जसं काही पाणी त्यानेच पाजलं होतं. मग बाईंनी म्यान उचललं.

"हे काय आहे?"

"हिरडी," मामा म्हणाला.

बाईंनी म्यान खाली ठेवलं आणि खुंटी काढून मूठ सरकवली. चकचकीत मूळ खोलीत असं लखलखलं की मांजर उठून निघून गेलं. मी बाईंकडे बघत होते. त्यांना रागही आला होता आणि रडूही.

"हे तुम्ही केलंत?"

"हो. फार गंज होता."

"तो गंज याचा जन्मदाखला होता," बाई म्हणाल्या. "पातं लोक पुसतात, तेल लावतात, पण या भागाला कुणी कधी हात लावत नाही. इतक्या पिढ्यांत ज्याच्या ज्याच्याकडे हा खंजीर होता त्याने हे पाळलं. गंजाचा रंग बघून वय सांगतात. आणि इथेच लोहार आपलं नाव कोरतो. तुमच्या त्या खाचा नव्हत्या. ते नाव होतं. आता ही बघा, अक्षरांची सावली राहिलीय नुसती. चांगलं पातं आहे एवढं मी सांगू शकते. कुणाचं, कधीचं, ते आता कुणीच सांगू शकणार नाही."

मामा नुसता "अच्छा" म्हणाला, आणि खंजीर कापडात गुंडाळताना त्याचा हात एवढा थरथरत होता की शेवटी बाईंनीच गाठ मारून दिली. मला त्या दिवशी मामाची एवढी कीव आली की रिक्षात मी एकही टोमणा मारला नाही. माझ्यासाठी हे सोपं नसतं.

मामीने मात्र दारातच सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जन्मभर खोट्या दातांना चहाचे डाग लावलेत, आणि खऱ्या लोखंडाचा गंज तेवढा बघवला नाही तुम्हाला?" मामाने मान खाली घातली. मामीला लगेच पश्चात्ताप झाला, तिने त्याच्या आवडीचं बनवलं, पण तो जेवला नाही. मला म्हणाला, "ताईला सांगू नकोस. तिला वाटायचंच हात गेला म्हणून. आता डोकंही गेलं म्हणेल." खंजीर कपाटात गेला. दुसऱ्या दिवसापासून मामाने छत्री आणायला लॅबमध्ये जाणंही सोडलं.

आणि हीच गोष्ट ताईला टोचली. बाप रोज येऊन डोकं खातो ही कटकट असते, पण तो येईनासा झाला की घोर लागतो. सुट्टीच्या दिवशी ती घरी आली. मीही खाली बसले होते. मामा पेपर उलटा धरून वाचत असल्याचं नाटक करत होता. वारं सुटलं, ताई खिडकी लावायला उठली आणि दारात अडकवलेलं ते पिवळं मॉडेल तिने काढलं.

आता कवळीवाल्याच्या घरात वाढलेल्या माणसाच्या हातात मॉडेल आलं की तो काय करतो? उजेडाकडे धरतो आणि बुडबुडे शोधतो. प्लॅस्टर ओतताना आत हवा अडकली की मॉडेलवर बारीक भोकं राहतात, आणि नेमकी नको तिथे राहतात. ताईने मॉडेल फिरवलं. परत फिरवलं. पर्समधून भिंग काढलं. ही बाई पर्समध्ये लिपस्टिक ठेवत नाही, भिंग ठेवते.

"बाबा, हे कसलं मॉडेल आहे?"

"काही नाही. फेकून दे."

"एकही बुडबुडा नाही यात. इतक्या बारीक रेघा आहेत, अगदी गंजाचे दाणेसुद्धा उठलेत. माझ्याकडे असं निघत नाही." ताईच्या आवाजात चक्क मत्सर होता. "कुठल्या मशीनवर ओतलंत?"

इथे सांगायला हवं की लॅबमध्ये प्लॅस्टर ओतताना मापाचा ट्रे एका छोट्या थरथरणाऱ्या मशीनवर धरतात. त्या थरथरीने हवा वर येते आणि प्लॅस्टर कानाकोपऱ्यात शिरतं. ताईचं मशीन परदेशी होतं आणि तिला त्याचा अभिमान होता.

मामाने पेपर खाली ठेवला. उजवा हात पुढे केला. हात आपला थरथरतच होता, नेहमीसारखा.

ताई त्या हाताकडे बघत राहिली. मग मॉडेलकडे. आधी तिला हसू फुटलं, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. मामी ओट्यापाशी भांडी उगाच आपटायला लागली, म्हणजे तिचेही भरले होते. मी तेवढ्यात मॉडेल ताईच्या हातातून घेतलं, कारण माझ्या डोक्यात आत्ता कुठे प्रकाश पडला होता. त्या पिवळ्या प्लॅस्टरवर जे उठलं होतं ते ओरखडे नव्हते. ओळीने खाली उतरत जाणारी अक्षरं होती.

"मामा," मी ओरडले, "हे घासायच्या आधीचं आहे ना?"

"म्हणजे काय? आधी माप, मग..." मामाचं वाक्य तिथेच अडकलं. तोंड उघडंच राहिलं. त्याचे स्वतःचे दात मात्र अजून सगळे शाबूत आहेत, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

आम्ही तिघं तसेच घरातल्या कपड्यांवर संग्रहालयवाल्या बाईंकडे गेलो. बाईंनी दार उघडलं आणि मामाला बघून त्यांचा चेहरा पडला. मामाने मॉडेल पुढे केलं. बाईंनी ते टेबलावर ठेवलं, दिवा एका बाजूने तिरपा धरला, आणि सावलीत अक्षरं उभी राहिली. त्या खुर्चीत बसल्या. "गंज घासणारे मी पुष्कळ पाहिलेत," त्या म्हणाल्या. "पण घासण्याआधी गंजाची कवळी करून ठेवणारा माणूस पहिलाच." त्यांनी फोटो काढून आपल्या जुन्या ओळखीच्या एका जाणकाराला पाठवले.

उत्तर यायला बरेच दिवस लागले. खंजीर अंदाजे तीनशे वर्षांपूर्वीचा. लोहार कुणी थोर नव्हता. लहान गावातला, मधल्या दर्जाचा, पण काम चोख. नाव कोरताना एका अक्षराची शेवटची रेघ जरा घसरलीय, त्यावरून त्याच्या म्हातारपणातलं काम असावं, असा अंदाज. मूळ घासल्यामुळे संग्राहकांच्या लेखी खंजिराची किंमत गेली ती गेलीच, ती काही परत येणार नाही, हेही बाईंनी स्पष्ट सांगितलं. म्यानाची हिरडी त्यांनी स्वतः सावकाश काढली आणि भाताच्या खळीने चीर चिकटवली. मुळाला मात्र हात लावू नका, गंजायचं तेव्हा गंजेल, असं बजावलं. तेव्हापासून मामा अधूनमधून मूठ सरकवून गंज चढला का बघतो. एकदा एक तपकिरी ठिपका दिसला तर सगळ्या इमारतीला बोलावून दाखवला. पोस्टातले काका म्हणाले, लिंबू चोळा, जाईल. मामा त्यांच्या अंगावर धावून गेला.

पण मामाने सगळ्यात जास्त वेळा वाचून घेतलं ते घसरलेल्या रेघेबद्दलचं वाक्य. "म्हातारपणी हात हलत असणार त्याचा," तो म्हणाला. "तरी नाव घातलंच ना त्याने."

मग एका सकाळी ताईचा फोन आला. मामाला लॅबमध्ये बोलावलं होतं, आणि छत्री तर घरीच होती, त्यामुळे मामा घाबरला आणि मला बरोबर घेऊन गेला. आत गेलो तर पेशंटांच्या मॉडेलांच्या फळीवर, एका आजोबांच्या खालच्या जबड्याशेजारी, खंजिराचं पिवळं मॉडेल ठेवलेलं. खाली इतर मॉडेलांना असते तशी चिठ्ठी: पेशंट जपानी, वय तीनशे, तक्रार नाही.

मामा हसला. मग सवयीने त्याने कपाटावर पाहिलं. तिथे स्टूल नव्हतं. ते खाली, त्याच्या जुन्या जागी, पुसून ठेवलेलं होतं.

"मापं सगळी तुम्ही ओतायची," ताई म्हणाली. बापाकडे न बघता ती प्लॅस्टर कालवत होती. "पण पॉलिशच्या चाकापाशी दिसलात ना, तर परत घरी."

"बरं," मामा म्हणाला. इतक्या चटकन तो आयुष्यात कुणाला बरं म्हणाला नव्हता.

तो स्टुलावर बसला. ताईने प्लॅस्टरचं भांडं त्याच्या हातात दिलं, वाकून आपल्या परदेशी मशीनचा प्लग काढला, आणि पहिलं माप त्याच्यासमोर ठेवलं.